ओझ्याच्या जनावरांची वाट

ओनोरातोचे कान उत्तम होते. खाली खाडीत कुणी टोपलीत मासळी ओतली तर वरच्या गल्लीत बसल्या बसल्या तो आवाजावरून माशाची जात सांगायचा. पण एर्मेलिंदाबाईंच्या बागेचं वरचं फाटक ओलांडलं की तो ठार बहिरा व्हायचा आणि खालच्या फाटकातून बाहेर पडला की पुन्हा ठणठणीत. सोल्वेरा गावच्या डॉक्टरांना हे माहीत होतं. त्यांनी त्यावर कधी औषध सुचवलं नाही.

ओनोरातोचं घर वर होतं, नाव खाली खाडीत होती आणि या दोहोंच्या मधोमध बाईंची बाग, दगडी बांधांच्या पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली. दुसरा रस्ता नव्हता असं नाही. हमरस्त्याच्या बोगद्यातून जाऊन, पलीकडचं टोक वळून, कड्याकडेनं खाली येता यायचं. त्या रस्त्यानं माणूस पोचायचा, पण इतका भुकेला आणि चिडलेला पोचायचा की मासेमारीला नालायक. म्हणून पणजोबांच्या काळात, जमिनीची वाटणी झाली तेव्हा, एक कलम घातलं गेलं: वरच्या घराचा मालक, त्याचं कुटुंब आणि त्याची ओझं वाहणारी जनावरं यांना बागेतून समुद्राकडे जाण्यायेण्याचा हक्क कायम राहील. कलम घालणारे दोघे पणजोबा त्या वेळी एका लिंबाच्या झाडावरून इतके भांडत होते की आपण काय लिहून घेतोय याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. कदाचित म्हणूनच ते कलम इतकं सुबक उतरलं.

एर्मेलिंदाबाई गावच्या शाळेत पहिली ते पाचवी सगळं शिकवायच्या. गणित, भूगोल, इतिहास हे विषय होतेच. पण त्यांचा खरा विषय दार हा होता. दारावर दोनदा टकटक करायचं, 'आत येऊ का?' म्हणून विचारायचं, आतून 'ये' आल्यावरच पाय उचलायचा, आणि तोही आधी पुसून. सोल्वेराच्या हाडामासात हे इतकं मुरलेलं आहे की एकदा गावातलाच एक चोर रिकाम्या घरात शिरताना सवयीनं 'आत येऊ का?' म्हणाला. घर रिकामं नव्हतं. मालक आतून 'ये' म्हणाले. मग दोघांनी कॉफी घेतली आणि चोर रिकाम्या हातानं, पण समाधानानं घरी गेला.

ओनोरातो लहानपणी बुजरा. त्याचा आवाज उंबरठ्यापर्यंत पोचायचाच नाही. बाई त्याला म्हणायच्या, "ऐकू नाही आलं. परत बाहेर जा. परत ये." तो परत बाहेर जायचा, परत यायचा, परत बाहेर जायचा. एकदा तर तो बाहेर गेला तो तसाच घरी गेला, कारण तेवढ्यात शाळा सुटली. पण शेवटी शिकला. पाचवी संपेपर्यंत अख्ख्या वर्गात त्याच्याइतकं नीट 'आत येऊ का?' कुणी म्हणत नसे. नीवेसला मागणी घालायला गेला तेव्हा ती त्या एका वाक्यावरच पाघळली, असं ती स्वतः सांगते. पुढचं काही तिनं ऐकलंच नव्हतं म्हणे.

बाई नोकरीत होत्या तोवर सगळं सुरळीत होतं. सकाळी ओनोरातो खेचर घेऊन बागेतून खाली जायचा तेव्हा बाई शाळेत असायच्या. मग बाई निवृत्त झाल्या, आणि पहिल्याच सोमवारी वरच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या. ओनोरातो आला, खेचर आलं. दोघंही सरळ आत.

"ओनोरातो!" बाई म्हणाल्या. "काय म्हणायचं असतं?"

ओनोरातोनं टोपी काढली, पाय पुसले आणि तोंड उघडलं. 'आ' बाहेर पडला. 'त' बाहेर पडणार एवढ्यात मागून एक ओला हात आला आणि त्याच्या तोंडावर घट्ट बसला. हात वकील तान्क्रेदी यांचा होता. ते खाली पोहून, टॉवेल खांद्यावर टाकून वर परतत होते. तेही ओनोरातोचे लांबचे चुलतभाऊ असल्यामुळे कुटुंब या सदरात मोडायचे.

"गप्प!" तान्क्रेदींनी त्याला फरफटत खालच्या फाटकाबाहेर नेलं. खेचर आपणहून आलं. "एक अक्षर बोललास तर पणजोबा थडग्यात पालथे होतील."

"पण बाईंनी विचारलं ना, वकीलसाहेब."

"म्हणूनच! अरे, ज्याचा हक्क असतो तो विचारत नाही. विचारलंस की हक्काची मेहेरबानी झाली. मेहेरबानी आज आहे, उद्या नाही. साक्षीदारासमोर एकदा 'येऊ का' म्हणालास की संपलं, उद्यापासून बोगद्यातून जा नाव हाकायला."

"निदान नमस्कार?"

"नमस्कार म्हणजे ओळख. ओळख म्हणजे पाहुणा. पाहुणा म्हणजे परवानगी."

"खोकला आला तर?"

तान्क्रेदींनी विचार केला. "कोरडा असेल तर चालेल."

त्या दिवसापासून ओनोरातो बागेत बहिरा झाला.

बाईंना रस्ता नको होता. रस्त्याचं त्या काय करणार? त्यांना ते वाक्य हवं होतं. आपण घडवलेला, वर्गातला सगळ्यात तयार मुलगा, आता गुरासारखा न विचारता आत शिरतो हे त्यांच्या काळजाला लागलं होतं. आणि वकिली डावपेच त्यांना कळत नव्हते असंही नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूनं वेढा घातला. रोज सकाळी फाटकाशी उभ्या राहून त्या गोड आवाजात म्हणायच्या, "ये रे ओनोरातो, ये. माझी परवानगी आहे." ओनोरातो समोर बघत चालत राहायचा. कॉफीचा वास यायचा, तो श्वास रोखायचा. त्याच्या नावाच्या संताच्या दिवशी बाई केक करून भिंतीवर ठेवायच्या. सोल्वेरात दुसऱ्याच्या दारचा केक नाकारणं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. ओनोरातो वर्षानुवर्षं त्या केकांसमोरून ताठ मानेनं चालत गेला. घरी येऊन मात्र जेवायचा नाही.

"काय होतंय?" नीवेस विचारायची.

"आज बदाम घातले होते."

"इतकी वर्षं ती बाई तुला रोज 'ये' म्हणतेय. मला कुणी एवढ्या मायेनं बोलावलं असतं ना, तर मी तुझ्याकडे ढुंकून पाहिलं नसतं."

"मी काय करू? वकील म्हणतात—"

"वकील बायकोशिवाय राहतात. त्यांना काय कळतंय!"

झोपेत मात्र ओनोरातो न चुकता 'आत येऊ का?' म्हणायचा. नीवेस पलीकडच्या कुशीवरूनच 'ये' म्हणायची. तेव्हा कुठे तो घोरायला लागायचा.

पुढे मासळी आटली, लिंबं कुणी विकत घेईना आणि खेचर म्हातारं होऊन मेलं. पण खेचरं संपली त्याच सुमारास चालणारे परदेशी सुरू झाले. किनाऱ्यानं, गावागावांतून, बागांच्या कडेकडेनं हे लोक पायी हिंडायचे. हातात काठ्या, पायात पन्नास वर्षं टिकतील असे बूट, आणि चेहऱ्यावर असा भाव की रेल्वेचा शोध अजून लागायचाय. त्यांना वाट दाखवणारा माणूस हवा असायचा, आणि ओनोरातोला वाट एवढी एकच गोष्ट नीट माहीत होती. तो त्यांना कड्याच्या वाटेनं आणायचा, मठाच्या बागेतून न्यायचा, गावच्या तीन चढांवर दमवायचा आणि शेवटी बाईंच्या बागेतून खाडीवर उतरवून खारवलेली अँकोवी मासळी आणि फोकाच्या, म्हणजे तेल लावून भाजलेला चपटा पाव, खायला घालायचा. बोगद्यातून यांना नेता येणार नव्हतं. बोगदा बघायला कुणी नॉर्वेहून येत नाही.

प्रश्न असा होता की हे लोक बागेत कुठल्या हक्कानं शिरणार? ते मालक नव्हते आणि कुटुंबही नव्हते. पहिल्या वर्षी ओनोरातोनं एका डच गटाला चुलतभाऊ म्हणून खपवायचा प्रयत्न केला, पण ते सगळे सहा फुटांच्या वर होते. शेवटी तान्क्रेदींनी दोन दिवस खोलीत कोंडून घेतलं आणि बाहेर येऊन बारमधल्या पत्त्यांच्या टेबलाशी निकाल जाहीर केला.

"पाठीवर ओझं आहे?"

"आहे. पिशव्या असतात."

"तू पुढे, ते मागे, तू म्हणशील तिकडे जातात?"

"जातात."

"चारा कोण घालतं?"

"मी."

"मग झालं तर," तान्क्रेदी पत्ते उचलत म्हणाले. "कलमात चार पायांचा उल्लेख कुठेही नाही."

तेव्हापासून वरच्या फाटकाशी ओझ्यांची तपासणी सुरू झाली. ज्याची पिशवी हलकी त्याला ओनोरातो बांधावरचा एक दगड द्यायचा. एक फ्रेंच गृहस्थ पिशवीशिवाय, नुसता स्वेटर कमरेला बांधून आला होता. त्याला चांगला दोन्ही हातांत मावेल असा दगड मिळाला. मग सूचना: आत कुणी बोलायचं नाही, हसायचं नाही, फूल हुंगायचं नाही, एक म्हातारी प्रेमानं बोलावेल तिच्याकडे बघायचं नाही, पुढच्याच्या मानेवर नजर ठेवून चालायचं. मुख्य म्हणजे प्रवाशांसाठीच्या छोट्या भाषा-पुस्तकातून पाठ करून आलेलं 'आत येऊ का?' इथे अजिबात वापरायचं नाही. जनावर परवानगी मागत नाही.

ओनोरातोला वाटलं होतं, लोक चिडतील. लोक भारावून गेले. हा या किनाऱ्यावरचा पुराणा मौनविधी आहे, माणूस आयुष्याचा दगड हातात घेऊन मोहाच्या बागेतून समुद्राकडे जातो, असं त्यांनी आपापसांत ठरवून टाकलं. एका स्वीडिश बाईनं परत जाताना सांगितलं की तिचं घटस्फोटाचं दुःख त्या बागेत उतरलं. एक जपानी जोडपं दगड घरी घेऊन गेलं. दरवर्षी गट वाढत गेले, आणि खाडीच्या तोंडाशी दगडांचा असा ढीग साचला की ओनोरातोला हिवाळ्यात ते परत वर वाहून न्यावे लागायचे. तेव्हाही बागेतूनच, आणि तेव्हाही बाई म्हणायच्या, "ये रे, ये. केवढं ओझं ते! बस जरा."

मग फुल्वियो आला.

फुल्वियो बाईंचा भाचा. मिलानमध्ये स्वयंपाकघराची कपाटं विकायचा आणि माणसांकडेही अशा नजरेनं बघायचा की हा कोपऱ्यात बसेल का. त्यानं बागेला गिऱ्हाईक आणलं होतं. हॉटेलवाले होते, त्यांना समुद्राच्या काठावर पोहायचा तलाव बांधायचा होता. अट एकच: मधली वाट नको. पाहुणे तलावात असताना शेजारून दगड घेतलेली मुकी माणसं जाणार हे त्यांना पटेना.

"मावशी," फुल्वियो म्हणाला, "तो एकदा जरी साक्षीदारासमोर विचारेल ना, तरी हक्क गेला. मी चौकशी केलीय."

"मी गेली कित्येक वर्षं तेच म्हणतेय. तो विचारत नाही."

"विचारलं तर सही करशील?"

बाई त्या दिवशी वैतागलेल्या होत्या. सकाळीच ओनोरातो पिस्त्याच्या केकसमोरून मान ताठ ठेवून गेला होता. "ज्या दिवशी तो विचारेल," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी करीन."

बाई दिलेला शब्द मोडत नाहीत हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. भागाकार चुकल्यावर उन्हात उभं करीन म्हणाल्या की त्या करायच्याच. संध्याकाळपर्यंत बातमी बारमध्ये पोचली. ओनोरातोनं ती ऐकली, पत्ते खाली ठेवले आणि घरी गेला. आता त्या एका वाक्यावर त्याची नाव, त्याचा धंदा आणि पणजोबांचं कलम एवढं सगळं टांगलेलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून फुल्वियो साक्षीदार म्हणून फाटकाशी घडीची खुर्ची टाकून बसायला लागला. ओनोरातोनं फाटक यायच्या आधीच तोंडात लिंबाची फोड धरायला सुरुवात केली, म्हणजे चुकूनसुद्धा काही निसटायला नको.

ही गोष्ट वसंतातली. आदल्या दिवशी दमट वारा सुटला होता. बाई सकाळी लिंबघरात गेल्या. लिंबघर म्हणजे वाटेपासून एका पावलावर असलेली दगडी खोली. थंडीत लिंबाच्या कुंड्या तिथे ठेवायच्या आणि वसंतात बाहेर काढायच्या. वाऱ्यानं दार आपटलं. दमटपणानं लाकूड फुगलेलं, ते चौकटीत असं बसलं की जणू दुसऱ्या कुणाला जागाच ठेवायची नव्हती. फुल्वियो त्या वेळी बारमध्ये न्याहारीला गेला होता. मिलानची माणसं न्याहारी उभ्यानं करतात, पण त्याला सोल्वेराची खुर्ची मानवली होती.

थोड्या वेळानं ओनोरातो नॉर्वेच्या गटाला घेऊन आला. गटाच्या म्होरक्या सिग्रिडबाई, निवृत्त दंतवैद्य. सगळा किनारा पायी करत आलेल्या, इटालियन बऱ्यापैकी येणाऱ्या आणि शिस्तीच्या इतक्या पक्क्या की त्यांनी स्वतःहून मोठा दगड मागून घेतला. रांग आत शिरली. लिंबघराजवळ येताच आतून आवाज आला.

"ओनोरातो! दार अडकलंय! मदत कर!"

रांग पुढे गेली.

"ओनोरातो! अरे, मी आत अडकलेय!"

ओनोरातोनं लिंबाची फोड चावली. मागच्या सगळ्यांनी पुढच्याच्या मानेवर नजर ठेवली. शेवटच्या माणसानं, तो शेवटचा होता म्हणून त्याच्या मानेवर कुणाची नजर नव्हती, एकदा डोळे मिटले आणि दगड छातीशी घट्ट धरला. नंतर खाडीवर त्यानं सांगितलं की मोहाची हाक इतकी आर्त असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

खाली सगळे फोकाच्या खायला बसले. ओनोरातोच्या हातातला तुकडा हातातच राहिला. रोज बाई 'ये' म्हणायच्या. आज त्या 'ये' म्हणाल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदाच परवानगी दिली नव्हती.

"त्या बाई 'मदत' म्हणाल्या ना?" सिग्रिडबाईंनी हळूच विचारलं.

"मला काही ऐकू आलं नाही."

"मला आलं. पण मी जनावर आहे ना, म्हणून बोलले नाही."

ओनोरातो उठला. त्याच्या मागोमाग सगळा नॉर्वे उठला. शिस्तीप्रमाणे सगळ्यांनी दगड पुन्हा उचलले.

लिंबघराशी येऊन ओनोरातो वाटेवर थांबला. दार एका पावलावर होतं. ते पाऊल कुठल्याही कलमात नव्हतं.

"बाई," तो म्हणाला. बागेत त्याचा आवाज ऐकून झाडावरचं एक पाखरू उडालं.

आत कुंडी सरकली. मग, "कोण आहे?"

"मी. ओनोरातो."

"तुला ऐकू यायला लागलं?"

"थोडं थोडं."

"दार अडकलंय."

"ढकलू का?"

"आधी काय म्हणायचं असतं?"

ओनोरातोनं आभाळाकडे पाहिलं. "बाई, तुम्ही आत अडकल्या आहात."

"म्हणून काय दार माझं राहिलं नाही?"

"अग्निशामकवाल्यांना फोन करू का?" सिग्रिडबाई पुढे झाल्या.

"त्यांनाही विचारावंच लागेल," आतून उत्तर आलं. "निम्मे माझ्याच वर्गातले आहेत." मग जरा थांबून, बारीक आवाजात, "पाय थोडा मुरगळलाय. पण त्याचा इथे काही संबंध नाही."

तेवढ्यात वरच्या फाटकातून फुल्वियो आला, मिशीला क्रीम लागलेलं. त्याच्यामागून टॉवेल खांद्यावर टाकलेले तान्क्रेदी. फुल्वियोला सगळं एका दृष्टिक्षेपात कळलं. तो धावला, आणि दारापासून चार हातांवर थांबला.

"मावशी, बरी आहेस ना? मग घाई करू नकोस," तो म्हणाला. "सावकाश होऊ दे. मी इथेच आहे. साक्षीला."

"ओनोरातो, नको!" तान्क्रेदी ओरडले. "खोक! कोरडा खोक!"

"फुल्वियो," बाई आतून म्हणाल्या, "फाटकातून येताना तूही विचारलं नाहीस. तू गप्प बस."

ओनोरातो वाटेवर उभा होता. खाली खाडीत त्याची नाव दिसत होती, निळी, बापानं रंगवलेली. बाई वाट बघत होत्या. त्या नेहमी अशाच वाट बघायच्या, हातातली पट्टी बाजूला ठेवून, पोराला हवा तेवढा वेळ देऊन. ओनोरातोनं टोपी काढली. गवतावर एक बूट पुसला, मग दुसरा. एक पाऊल टाकून तो वाटेवरून उतरला आणि दारावर दोनदा टकटक केलं.

"आत येऊ का?"

आवाज सात वर्षांच्या पोराचा होता, पण उंबरठ्यापलीकडे स्पष्ट पोचला. तान्क्रेदींनी टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला आणि बांधावर बसले.

"ये," बाई म्हणाल्या.

ओनोरातोनं खांदा लावला. सिग्रिडबाईंनी दगड खाली ठेवून त्याच्या मागे खांदा लावला, त्यांच्यामागे बाकीच्या नॉर्वेनं. दार निघालं आणि सगळे एकमेकांवर आत कोसळले. बाई एका पालथ्या कुंडीवर ताठ बसल्या होत्या, पाय खताच्या पोत्यावर, केसांचा अंबाडा जागच्या जागी.

"ऐकलंत!" फुल्वियो बाहेर नाचत होता. "सगळ्यांनी ऐकलं! विचारलं त्यानं! मावशी, सही!"

"आधी मला बाहेर काढा."

बाईंना चालवेना, म्हणून ओनोरातोनं त्यांना पाठीवर घेतलं आणि वाटेवर आणलं. पाठीवर बसल्या बसल्याच, वर्गात टेबलाशी बसायच्या तशा सरळ होऊन, त्यांनी फुल्वियोला समोर उभं केलं.

"त्यानं काय विचारलं?"

"आत येऊ का!"

"कशाच्या आत?"

"म्हणजे... लिंबघराच्या."

"आणि वाटेवर येताना काय विचारलं?"

"वाटेवर... तेव्हा मी नव्हतो."

"मी होते. आत होते, पण ऐकत होते. खाली जाताना काही विचारलं नाही. मी मदत मागतेय तरी गुरासारखा पुढे गेला. परत वर आला तोही न विचारता. आताही बघ, मला घेऊन वाटेवर चढला. विचारलं?"

"नाही, पण—"

"तू साक्षीदार आहेस. नीट सांग. विचारलं?"

"नाही," फुल्वियो म्हणाला.

"मग मी सही कशावर करू? लिंबघराबद्दल भांडण कधीच नव्हतं." बाईंनी ओनोरातोच्या खांद्यावर बोटानं टिचकी मारली. "चल घराकडे. आणि फुल्वियो, मिशी पूस."

तान्क्रेदी टॉवेलातून बाहेर आले. "बाई, तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

"मी वकिलांना शिकवलंय. तुलाही. तुझं अक्षर अजून सुधारलेलं नाही."

घरापर्यंतच्या चढावर ओनोरातो एक शब्द बोलला नाही. वाट होती ना. दाराशी पोचल्यावर मात्र त्यानं बाईंना पाठीवर तसंच ठेवून पाय पुसले आणि विचारलं. बाई त्याच्या पाठीवरूनच 'ये' म्हणाल्या.

हॉटेलवाल्यांनी पलीकडच्या गावात तलाव बांधला. बाईंचा पाय बरा झाला. आता सकाळी त्या फाटकाशी बसत नाहीत, लिंबघरात बसतात. दाराला रंधा मारून घेतलाय. ओनोरातो वरच्या फाटकातून ओझी तपासून रांग आत आणतो, मुकाट्यानं, कुणाकडे न बघता. बाई आतून 'ये रे, माझी परवानगी आहे' म्हणतात आणि त्याला ते अजिबात ऐकू येत नाही. मग लिंबघरापाशी तो थांबतो, टोपी काढतो, एक पाऊल उतरतो, टकटक करतो आणि विचारतो. आत कॉफी असते. केक असतो. तो दोन तुकडे खातो. नीवेससाठी तिसरा रुमालात बांधतो. मग बाईंचे आभार मानून वाटेवर पाऊल टाकतो आणि पुन्हा ठार बहिरा होतो.

त्याच्यामागून एकेक परदेशी दगड बाहेर ठेवून, बूट पुसून दाराशी येतो. बाई पालथ्या कुंडीवर बसलेल्या असतात, पट्टी बाजूला ठेवून.

परवा एक उंच डॅनिश प्राध्यापक आले होते. त्यांनी टकटक केलं, काहीतरी पुटपुटले आणि पाय उचलला.

"ऐकू नाही आलं," बाई म्हणाल्या. "परत बाहेर जा. परत ये."